गव्हांकुराचे आठ ट्रे

२ मार्च, रविवार

वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढली. दुकानदारांच्या काट्यांवर शेरे लिहून लिहून बोटाला घट्टा पडला, पण स्वतःबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही. आता वही काढली आहे ती गव्हांकुरासाठी. नोंद नसेल तर कुठलीच गोष्ट सिद्ध होत नाही, एवढं मी खात्यात शिकलो.

तर आता घरात गव्हांकुर पेरायचे आणि हिला रोज सकाळी तीस मिली रस द्यायचा. ही म्हणजे माझी बायको. छत्तीस वर्षांत घरात हिचं नाव घ्यायची वेळ आली नाही, वहीत तरी कशाला घेऊ. हिला पोटाचा आजार आहे, यकृतापर्यंत गेलेला. शुक्रवारी दवाखान्यात मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की औषधांचा पुढचा फेरा आता देत नाही, शरीर फार थकलंय, घरी न्या आणि आराम द्या. हे एक बरं झालं. त्या औषधांनी हिची पार रया गेली होती. सुटी मिळालीच आहे तर तेवढ्यात ताकद भरून काढू, मग पुढचा फेरा झेपेल.

गव्हांकुराचं पत्रक बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी दिलं. मी ते तसंच आत नेऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं नाही. हिच्याकडे बघून म्हणाल्या, त्यांना आवडत असेल तर द्या. म्हणजे परवानगी स्पष्ट आहे.

आजचं वजन बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम. काटा मी आधी पाच किलोची मापं ठेवून तपासून घेतला.

४ मार्च, मंगळवार

काल गहू भिजवला, आज पेरला. रोपवाटिकेतून आठ उथळ ट्रे आणले आहेत. दोन भाग माती, एक भाग खत, वर शंभर ग्रॅम गहू, दाण्याला दाणा लागेल असा. मग ओलं वर्तमानपत्र पांघरून दोन दिवस झाकून ठेवायचं. आठव्या दिवशी कापायचं. म्हणजे रोज एक ट्रे पेरला की आठ दिवसांनी रोज एक ट्रे कापायला येतो. बिनचूक योजना आहे. पावाच्या भट्टीसारखं, रोज ताजं.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने गव्हाचे तीन नमुने काढून दाखवले. मी परातीत ओतून फुटका दाणा वेगळा करायला बसलो तेव्हा तो म्हणाला, साहेब, तुम्ही निवृत्त झालात ना हो. पूर्वी मी त्याचा काटा दोनदा जप्त केला होता. माझ्या माघारी मला काटेसाहेब म्हणतो हे मला ठाऊक आहे.

हिला सांगितलं तर म्हणाली, बरोबरच आहे, काटेकोर आहात. आणि मग म्हणाली, जरा बसा ना इथे. माझे हात मातीने भरलेले होते. आलोच म्हटलं.

७ मार्च, शुक्रवार

पहिला ट्रे टाकून द्यावा लागला. वर्तमानपत्र उचललं तर दाण्यांभोवती पांढरी, कापसासारखी लव. बुरशी. माती उकळत्या पाण्याने धुतली, ट्रे घासला, नव्याने पेरलं.

संध्याकाळी खारूला फोनवर सांगितलं. खारू म्हणजे आमची मुलगी. लहानपणी शेंगदाणे उशीखाली साठवायची म्हणून खारूताई, आता दुसऱ्या गावी एका मोठ्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे, तरी खारूच. तिने फोटो मागवला. मी उरलेल्या ट्रेंचा पाठवला, तिथेही तीच लव यायला लागली होती. ती म्हणाली, बाबा, ही बुरशी नाही, मुळांची लव आहे. नीट वाढतंय. चांगला ट्रे फेकलात तुम्ही.

चूक झाली हे मान्य. पण दिसायला हुबेहूब बुरशीच.

१३ मार्च, गुरुवार

पहिली कापणी. बरोबर सात इंच. मातीपासून अर्धा इंच ठेवून कात्रीने कापलं, धुतलं, मिक्सरमध्ये थोडं पाणी घालून फिरवलं, मलमलच्या फडक्यातून पिळलं. तीस मिली भरायला जवळजवळ अख्खा ट्रे लागला. हिने एका दमात पेला रिकामा केला आणि डोळे मिटून बसली. कसं लागलं विचारलं तर म्हणाली, कुरणात तोंडावर आपटल्यासारखं.

विनोद करते आहे म्हणजे तरतरी आली.

पत्रकात पथ्य सांगितलंय. चहा, कॉफी, साखर, तळलेलं, सगळं बंद. चहा बंद म्हटल्यावर मात्र हिचा चेहरा उतरला. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, पंचवीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि त्या पंचवीस वर्षांत दिवसाला सहा कप चहा. म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे हो. म्हटलं, मग झालं तर.

१६ मार्च, रविवार

वजन एक्केचाळीस किलो नऊशे. चारशे ग्रॅम गेले, पण रस सुरू होऊन चारच दिवस झालेत.

आठही ट्रे आता खिडकीपाशी ओळीने लागलेत. ही पलंगावरून बघत असते. म्हणाली, शाळाच काढलीत तुम्ही. ओळीतला सगळ्यात नवा ट्रे तो पहिलीचा वर्ग, मग दुसरी, तिसरी. आठवी पास झाली की मुंडी छाटायची. सकाळी मी कात्री घेतली की विचारते, आज आठवीत कोण आहे?

तिला हे सुचतं कसं कोण जाणे. मी आपला माती चाळत असतो.

२३ मार्च, रविवार

बेचाळीस आठशे. एका आठवड्यात नऊशे ग्रॅम वाढले.

मी दोनदा वजन घेतलं, काटा सपाट फरशीवर सरकवून तिसऱ्यांदा घेतलं. तेवढंच. एकतीस वर्षांत मी माणसांना खोटं बोलताना पाहिलंय, काट्याला नाही. खारूला लगेच फोन केला. ती म्हणाली, आईला द्या. त्या दोघी दहा मिनिटं बोलल्या, ही नुसतं हं हं करत होती.

दुपारी ही म्हणाली, धुण्याचं मशीन कसं लावायचं ते तुम्हाला दाखवते, या. मी म्हटलं, अगं बरी झालीस की तूच लावशील, मला कशाला शिकवतेस? तर म्हणाली, पांढरे कपडे वेगळे टाकायचे एवढं तरी ऐकून घ्या. मी पाचवीतल्या ट्रेवर पाणी फवारत होतो. ऐकलं.

२७ मार्च, गुरुवार

माझा दिवस सांगतो. पाचला उठणं. कापणी, धुणं, वाटणं, गाळणं, साडेसहाला रस. मग भांडी, फडकं उकळणं, आठला नवा ट्रे पेरणं. मग कापलेल्या ट्रेची माती मोकळी करणं, गच्चीवर नेऊन वाळत घालणं, वाळलेली खाली आणून चाळणं. दुपारी गहू निवडणं. संध्याकाळी भिजवणं, फवारणी. कामावर असताना इतकं राबलो नव्हतो. ही आज म्हणाली, तुम्ही घरात असता पण दिसत नाही. म्हटलं, कुणासाठी चाललंय हे सगळं? ती म्हणाली, तेच विचारत होते.

थोडं लागलं मला ते. पण आजारी माणूस चिडचिड करतोच.

३० मार्च, रविवार

त्रेचाळीस सहाशे.

हिच्या चपला हिला होईनात. पावलं भरली आहेत. बाजारात जाऊन एक नंबर मोठ्या आणल्या. दुकानदाराला उगाचच सांगितलं, बायकोचं वजन वाढतंय. तो बिचारा म्हणाला, सगळ्यांच्याच बायकांचं वाढतं साहेब. मला इतकं हसू आलं की रस्त्यात एकटाच हसत होतो.

हातातली अंगठीही घट्ट झाली म्हणून साबण लावून काढून ठेवली. चेहरा मात्र अजून भरत नाही. हात बारीक आहेत. पत्रकात याबद्दल काही नाही. माझा अंदाज असा की खालून वर भरत येत असावं.

६ एप्रिल, रविवार

खारू दोन दिवसांसाठी आली. चव्वेचाळीस नऊशे. मी वही तिच्यापुढे ठेवली, आलेखही काढला आहे, लाल पेनाने. तिने आलेख पाहिला, मग आईच्या पलंगावर बसून तिची साडी घोट्यापासून थोडी वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथे खळगा राहिला. पिठात बोट रुतवल्यासारखा. बराच वेळ भरला नाही. मी म्हटलं, बसून बसून होतं ते, फिरवायला हवं तिला. खारूने साडी खाली सारखी केली.

मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. दहा मिनिटं नुसतं पाणी वाहत होतं. शेवटी मी जाऊन बंद केला. पाणी काय फुकट येतं का, म्हटलं. तिचं तोंड ओलं होतं, धूत होती वाटतं.

जाताना म्हणाली, बाबा, रस राहू दे एखादा दिवस, आईशी बोला जरा. हल्लीच्या पोरांना सातत्याचं महत्त्व कळत नाही. एक दिवस खाडा केला तर आठवा वर्ग वाया जातो.

११ एप्रिल, शुक्रवार

आनंदाची बातमी. डॉक्टरीणबाईंनी पथ्य उठवलं.

पोट फुगल्यासारखं वाटतं, आडवं झालं की दम लागतो, म्हणून दाखवायला नेलं होतं. त्यांनी तपासलं आणि हिला विचारलं, काय खावंसं वाटतं? ही म्हणाली, चहा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्या की. साखर घालून प्या. आता कसलंही पथ्य नाही, जे आवडेल ते खा. मला म्हणाल्या, त्या मागतील ते द्या. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय, पोटातलं थोडं काढू म्हणाल्या, म्हणजे बरं वाटेल.

मी बाहेर येऊन खारूला फोन केला, तर ती रडतच सुटली. मी म्हटलं, अगं वेडे, पथ्य कधी उठवतात? माणूस सुधारला की उठवतात. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा महिन्याने उठवलं होतं.

घरी येऊन हिला चहा करून दिला. दूध, साखर, आलं, सगळं व्यवस्थित. हिने पेला दोन्ही हातात धरला, वास घेतला, दोन घोट प्यायली आणि ठेवला. जात नाही म्हणाली. मी म्हटलं, सवय मोडली, होईल हळूहळू. ती माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, तुम्हाला कसं सांगू तेच कळत नाही. मी म्हटलं, काय ते? तर म्हणाली, काही नाही, तुम्ही प्या हा चहा.

१३ एप्रिल, रविवार

शेहेचाळीस आठशे. काट्यावर उभं राहताना धरावं लागलं. मी धरलेल्या हाताचा भार येऊ नये म्हणून हळूच सोडत होतो.

१६ एप्रिल, बुधवार

लिहायला हात धजत नाही. पण नोंद ठेवायची म्हटलं होतं.

आज दवाखान्यात हिच्या पोटाला सुई लावून पाणी काढलं. मी पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. नळीतून एका बरणीत येत होतं, पिवळसर. बरणीवर मापाच्या रेघा होत्या. मला रेघा दिसल्या की मी वाचतोच, त्याला इलाज नाही. एक लिटर. दोन. बरणी बदलली. साडेसहा लिटरला थांबलं.

घरी आलो तर ही म्हणाली, किती हलकं वाटतंय. मी वेड्यासारखा काटा आणला. हिने विचारलं, आजच? मी म्हटलं, हो. चाळीस किलो तीनशे.

वजाबाकी मला कुणी शिकवायला नको. लिटरला किलो. शेहेचाळीस आठशेतून साडेसहा. काट्याने एक ग्रॅमही फसवलं नव्हतं. मार्चपासून जे वाढत होतं ते पाणी होतं. त्या पाण्याआड ही दर आठवड्याला कमी कमी होत होती आणि मी लाल पेनाने रेघ वर वर नेत होतो. चपला मोठ्या आणल्या. दुकानात हसलो.

खारूला फोन केला. पुढचा फेरा नाही, आराम द्या, पथ्य नाही, या सगळ्याचा अर्थ काय, सरळ सांग म्हटलं. तिने सांगितलं. तुला कधीपासून माहीत होतं? तर म्हणाली, पहिल्या दिवसापासून बाबा, आईलाही. त्या दिवशी डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं.

माझ्यासमोर सांगितलं होतं. खरं आहे. २ मार्चच्या पानावर मी ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.

१७ एप्रिल, गुरुवार

पाचला उठलो. हात आपोआप चालतात. कापलं, वाटलं, रस नेला. हिने पेला घेतला, प्यायली. मी नवा ट्रे पेरायला घेतला आणि अर्ध्यात तिथेच फरशीवर बसलो. ही बघत होती.

मी विचारलं, "तुला सगळं माहीत होतं, तर हे का पीत होतीस?"

ती म्हणाली, "तुम्ही पहाटे उठून करत होतात. नाही कसं म्हणू?"

"मग चहा तरी सोडायचा नव्हतास."

"त्याचा मात्र राग आला होता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

मी म्हटलं, चुकलं माझं. तिने हात केला तसा उठून पलंगाशी गेलो. ती म्हणाली, आता पेरू नका. जे पेरलंय ते राहू दे, हिरवं बघायला मला आवडतं. पण नवीन नको. तेवढा वेळ इथे बसा.

संध्याकाळसाठी काढून ठेवलेला गहू परत डब्यात ओतला.

१९ एप्रिल, शनिवार

पहिलीत कुणी नाही. दुसरीतही नाही. सहाच ट्रे.

मी ते उचलून हिच्या खिडकीच्या कट्ट्यावर लावले. रस नको म्हणाली तर मीही आग्रह केला नाही. आठवीतल्यांची मुंडी वाचली, ती म्हणाली.

बसायचं कसं हे मला येत नाही. हे लाजेने लिहितोय. खुर्ची ओढली, बसलो, दोन मिनिटांत उठून पडदा सारखा केला. परत बसलो, पाण्याचा तांब्या हलवला. ही म्हणाली, कुणाची तपासणी चाललीय? मग मी हात मांडीखाली घेऊन बसलो. ती हसली आणि हसता हसता खोकली.

२० एप्रिल, रविवार

काटा पलंगाखाली ढकलून दिला. आज वजन घेतलं नाही.

धुण्याचं मशीन शिकलो. ही पलंगावरून सांगत होती, मी दार उघडं ठेवून आतून विचारत होतो. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, पावडर अर्धा चमचा कमीच. तिची एक्स्चेंजमधली बोलायची पद्धत अजून तशीच आहे, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. मी पाणी सोडायचं विसरलो तेव्हा म्हणाली, कृपया पुन्हा प्रयत्न करा.

२२ एप्रिल, मंगळवार

आज तिने ते काढलं.

खारूच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. दोन दिवसांचा असताना गेला. तेहतीस वर्षं झाली, आम्ही दोघं त्याबद्दल बोललो नाही. खारूला आहे माहीत, पण माझ्याकडून नाही. आज ही खिडकीकडे बघत म्हणाली, तुमच्यावर मी एका गोष्टीसाठी रागावले होते, ते सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डबा घेऊन कामावर गेलात. मी दवाखान्यात एकटी होते. समोरच्या बाईचं बाळ रडत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही बाजारात काटे तपासत होतात.

मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट आज सांगितली. त्या दिवशी मी एकही काटा तपासला नाही. बाजाराच्या मागे खात्याची गाडी लावून तिच्यात बसून होतो, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मापांची पेटी मांडीवर होती. डबाही उघडला नाही.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "अहो, बसायचंच होतं तर माझ्याजवळ बसायचं होतं ना."

मी रडलो. छत्तीस वर्षांत हिच्यासमोर पहिल्यांदा. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हात उचलायचंही बळ नव्हतं तरी फिरवला. बाळाचं वजन किती होतं ते मला पाठ आहे, ती म्हणाली, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होतात. मलाही पाठ आहे. इथे लिहीत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खारू रजा काढून आली आहे. गोळ्यांच्या वेळा तिने आपल्याकडे घेतल्या. मला म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त आईजवळ बसा. घरात आता मला दुसरं काम नाही.

कट्ट्यावरचे ट्रे फूटभर उंच झालेत, काही पिवळे पडून आडवे झाले. पत्रकात लिहिलंय की आठ दिवसांनंतर उपयोग नाही. खारू टाकायला निघाली होती, हिने खुणेने नको म्हटलं.

ही आता थोडंच बोलते. जागी असली की एक्स्चेंजच्या गोष्टी. एक म्हातारा रोज दुपारी तीनला फोन करून नुसती वेळ विचारायचा. घरात घड्याळ असणार, हे तिला ठाऊक होतं. ती वेळ सांगायची आणि त्याने फोन ठेवेपर्यंत आपण ठेवायची नाही. मी विचारलं, मला हे आधी कधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगायला घेतलं होतं तीनचारदा. तुम्ही आलोच म्हणालात.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी सव्वासातला गेली. मी जवळ होतो. हात माझ्या हातात होता. काही बोलली नाही, श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. मी वाट बघत राहिलो. खारू म्हणाली, बाबा. तेव्हा कळलं.

११ मे, रविवार

खारू काल परत गेली. तिला तिची नोकरी आहे. फ्रीजमध्ये चार दिवसांचं करून ठेवलंय आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. पांढरे कपडे वेगळे टाकले. घरात कुणी नसलं की घड्याळाचा आवाज इतका येतो हे माहीत नव्हतं. सगळी माती गच्चीवर एका पोत्यात भरून ठेवली. ट्रे धुऊन एकात एक घातले. कुणाला द्यायचे ठरवलेलं नाही.

दुपारी दार वाजलं. पस्तिशीची एक बाई, हातात गव्हाची पिशवी. ओळख ना पाळख. किराणावाल्याने पाठवलं म्हणाली. त्याने सांगितलं होतं की गव्हांकुरातलं या गल्लीत साहेबांइतकं कुणाला कळत नाही. तिच्या नवऱ्याला पोटाचा आजार आहे. औषधांचा पुढचा फेरा थांबवलाय, डॉक्टर आराम द्या म्हणालेत. तिच्याकडे तेच पत्रक होतं, घडी घालून घालून फाटायला आलेलं. वही आणि पेनही घेऊन आली होती, लिहून घ्यायला.

मी तिला आत बसवलं. हिची खुर्ची रिकामी होती तिच्यावर ती बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ट्रे किती लागतात. मी म्हटलं, आठ. तिने लिहून घेतलं. दिवसाला किती वेळ जातो, तर म्हटलं, सगळा. तिने तेही लिहून घेतलं. अक्षर छान होतं, रेघेवर बसवलेलं.

मग मी म्हटलं, याने आजार बरा होतो असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. माझी बायको गेली. ती म्हणाली, किराणावाल्याने सांगितलं. मग खाली बघून म्हणाली, पण काहीतरी करायला तर हवं ना. तिच्या बोटाला पिशवीच्या बंदाचा वळ उठला होता. दोन किलो तरी गहू असेल.

मी विचारलं, "आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. झोपलेत. मी पटकन जाऊन येते म्हटलं."

मी उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. म्हटलं, हा गहू इथेच राहू दे. पेरणं, कापणं, गाळणं मी करतो, माझ्याकडे सगळं सामान आहे. आठव्या दिवसापासून रोज सकाळी रस तुमच्या दारात आणून देईन. त्यांना आवडला तर पितील, नाही आवडला तर राहू दे, आग्रह करू नका. चहा मागितला तर चहा द्या. तुम्ही घरी जा आणि त्यांच्याजवळ बसा.

ती वही मिटून उभी राहिली. दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"पण बसून काय करू?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. बसा."

ती जिना उतरून गेली तोवर दारातच उभा होतो. मग गच्चीवरून मातीचं पोतं खाली आणलं, ट्रे सुटे केले आणि दोन मुठी गहू भिजत घातला.